माडीवरची पाटी आणि माजघरांतील अबोला

स्त्रीशिक्षणाचा विषय निघाला कीं शाळांची संख्या मोजण्याची आपल्याकडे चाल आहे. शाळा हव्यातच, परंतु ज्या काळीं शाळाच नव्हत्या, त्या काळीं कांहीं स्त्रियांच्या अंगीं जें धैर्य दिसून आलें तें कोठून आलें, याचाही विचार सुशिक्षित कुटुंबांनीं करावयास हवा. त्यासाठीं सातारा-सांगलीच्या बाहेर जाण्याचें कारण नाहीं. सावित्रीबाई फुले १८३१ मध्यें नायगांव येथें जन्मल्या. काशीबाई कानिटकर १८६१ मध्यें आष्टें येथें. आणि पुढच्याच वर्षीं देवराष्ट्रें येथें कुर्लेकरांच्या घरीं रमाबाई रानडे यांचा जन्म झाला. (यशवंतराव चव्हाणांचें म्हणून देवराष्ट्रें सर्वांस ठाऊक आहे, रमाबाईंचें म्हणून फारसें कोणास नाहीं.)

रमाबाईंचें लग्न १८७३ सालीं झालें. वधू अकरा वर्षांची, वर महादेव गोविंद रानडे एकतीस वर्षांचे. विधवाविवाहाच्या या पुरस्कर्त्यानें वडिलांच्या आग्रहाखातर कुमारिकेशीं विवाह केला म्हणून त्या वेळीं टीका झाली, आणि ती अगदींच अन्यायाची होती असें म्हणवत नाहीं. मुलीला अक्षरओळख नव्हती. पतीनें स्वतः तिला मराठी शिकविलें व मागाहून इंग्रजीची सोय केली. परंतु घर एकत्र होतें. वडीलधाऱ्या बायकांना सुनेचें वाचन रुचेना, आणि इंग्रजी तर मुळींच सोसवेना. टोमणे आणि अबोला यांची ही हकीकत रमाबाईंनीं १९१० मध्यें प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत मोठ्या संयमानें सांगितली आहे.

त्यांच्या सोशिकपणाचें आपण कौतुक करतों, तें योग्यच आहे. पण छळणाऱ्या बायकांना नुसता दोष देऊन भागत नाहीं. त्या घरांत रानड्यांची वैधव्य आलेली बहीणही होती. तिच्या डोळ्यांदेखत नवी सून पुस्तक उघडून बसे! स्वयंपाकघर आणि सोवळेंओवळें यांवांचून जिला दुसरी सत्ता कोणी दिलीच नाहीं, ती त्या सत्तेचा उपयोग प्रेमळपणें करील ही अपेक्षा कोणत्या न्यायानें करावी? सुधारणा माडीवर झाली आणि तिचें मोल माजघरांत एका मुलीनें भरलें. घरांतील कर्त्या पुरुषांनीं माजघरांतील इतर बायकांनाही वेळींच शिकविलें असतें तर तें मोल निम्म्यानें तरी उतरलें असतें, असें आमचें मत आहे.

काशीबाईंचाही अनुभव याच जातीचा. पतीला शिकलेली पत्नी हवी होती, सासरीं तें कोणास आवडत नव्हतें. त्या बहुतेक स्वतःच्या चिकाटीनें वाचावयास शिकल्या, आणि पुढें डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या चरित्रकार व ‘रंगराव’ कादंबरीच्या लेखिका झाल्या.

सावित्रीबाईंची परीक्षा मात्र रस्त्यावर झाली. १८४८ मध्यें पुण्यांत भिड्यांच्या वाड्यांत मुलींची शाळा निघाली. पुढच्याच वर्षीं त्या पतिपत्नींना सासऱ्यांचें घर सोडावें लागलें. विरोध करणाऱ्यांत आपल्याच समाजांतील सनातनी पुढें होते, हें लपविण्यांत अर्थ नाहीं. वाडा देणारे तात्यासाहेब भिडेही आपल्यांतलेच, हेंही तितकेंच खरें. आणि त्याच फुले दांपत्यानें १८६३ मध्यें फसलेल्या ब्राह्मण विधवांसाठीं बालहत्या प्रतिबंधक गृह काढलें, व अशाच एका विधवेचा मुलगा, यशवंत, आपला म्हणून वाढविला. ज्या समाजांतून शेणमाती अंगावर आली, त्याच समाजाच्या लेकींना त्यांनीं दार उघडलें. विद्येनें शील बिघडतें असें म्हणणारांस याहून निराळें उत्तर देण्याची गरज नाहीं. १८९७ च्या प्लेगांत रोग्यांची शुश्रूषा करतांना सावित्रीबाई वारल्या.

रानडे १९०१ मध्यें निवर्तले. त्यानंतर रमाबाईंनीं पुण्याच्या सेवासदनाचें काम हातीं घेतलें. १९०९ मध्यें निघालेल्या या संस्थेंत प्रौढ स्त्रिया व विधवा अक्षरें गिरवूं लागल्या, कांहीं परिचारिका झाल्या. माजघरांत ज्या वयाच्या बायकांनीं एके काळीं रमाबाईंशीं अबोला धरला होता, त्या वयाच्या बायकाही येथें पाटी घेऊन बसत.