ड्राय पोर्टच्या गावातून ओल्या बंदराकडे: हर्णैचा लिलाव समजून घेऊ

आजचा भाग बंदराबद्दल. आता सिंदी (रेल्वे)त बंदर म्हटलं की पहिला प्रश्न येतो, "आपल्या ड्राय पोर्टचं काय?" पण ड्राय पोर्ट म्हणजे कंटेनर, रेल्वे अन् कस्टमचे कागद. तिथे होड्या नाहीत, मासळी नाही. आज जायचंय रत्नागिरी जिल्ह्यातल्या, दापोली तालुक्यातल्या हर्णै बंदरावर. कोकण रेल्वेनं खेडला उतरायचं, तिथून दापोलीमार्गे रस्त्यानं. मे महिन्याच्या सुट्टीत कितीतरी लोक तिथे जातात, सुवर्णदुर्ग किल्ल्याचे फोटो काढतात, लिलाव बघतात अन् परततात. पण समोर नेमकं काय चाललंय?

आधी होड्या बघू. हर्णैचा किनारा उथळ आहे. मोठी नौका काठाला आणली तर वाळूत रुतेल. म्हणून ती खोल पाण्यात नांगर टाकते. मासळी छोट्या होड्यांतून काठाकडे येते आणि पुढे बैलगाडीत चढते. हो, बैलगाडी, तीही समुद्राच्या पाण्यात! तान्ह्या पोळ्याच्या गावच्या आपल्या लोकांना हे बघून नक्की मजा येईल. हर्णैची ही जुनी ओळख आहे.

आता लिलाव. भाव आधीच का ठरवत नाहीत? कारण आज किती मासळी येणार हे कोणालाच माहीत नसतं आणि आलेली मासळी टिकत नाही. आपल्या गुजरीत संध्याकाळी पालेभाजीचा भाव उतरतो ना, तसंच. पण मासळीला तेवढाही वेळ नसतो. म्हणून वाळूवर ढीग मांडतात, बोली लागते, काही मिनिटांत सौदा होतो. मोठा माल व्यापारी घेतात आणि बर्फात भरून बाहेर पाठवतात. काही माल कोळीण मावश्या घेतात आणि तिथेच किरकोळ विकतात. आपण पर्यटक बहुतेक त्यांच्याकडूनच घेतो. त्यांनी सांगितलेल्या भावात डिझेल, बर्फ, खलाशांची मजुरी, सगळं आलेलं असतं. घासाघीस करताना हे लक्षात असू द्या.

आणि मे महिनाच का महत्त्वाचा? महाराष्ट्रात 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. 61 दिवस. हा बऱ्याच माशांच्या प्रजननाचा काळ, शिवाय समुद्र खवळलेला. म्हणजे मे महिन्याची कमाई पुढचे दोन महिने पुरवायची असते. याच उन्हात मासळी वाळवूनही ठेवतात, पावसाळ्यासाठी.

आता आपल्या हातातली गोष्ट. सुट्टीत मागणी वाढते आणि मग लहान मासाही विकला जातो. ज्या माशानं एकदाही अंडी घातली नाहीत तो ताटात आला, तर पुढच्या वर्षी जाळ्यात येणार काय? म्हणून 2023 मध्ये महाराष्ट्रानं 54 जातींसाठी पकडण्याची किमान लांबी ठरवली. चंदेरी पापलेटसाठी ती 135 मिलिमीटर आहे, म्हणजे साडेतेरा सेंटीमीटर. त्याच वर्षी पापलेट राज्यमासाही झाला. मोजपट्टी तुमच्या खिशातच आहे: आजचा मोबाइल साधारण पंधरा-सोळा सेंटीमीटर लांब असतो. पापलेट मोबाइलपेक्षा बरंच छोटं दिसलं, तर घेऊ नका. गिऱ्हाईकच नसेल तर पिल्लं पकडून कोण आणेल?

शेवटचं, तिथे गेलात तर पाट्या वाहणाऱ्यांची वाट अडवू नका, फोटो काढण्याआधी विचारा. आपल्यासाठी ती सहल असते, त्यांच्यासाठी कामाची वेळ. आणि जूनमध्ये जायचा बेत असेल तर बंदर शांत असेल. ताजा लिलाव बघायचा तर ऑगस्टनंतर जा.

भेटू पुढच्या भागात!