ओकच्या पिंपातील जुनी चव

मद्याचे नाव काढताच आपल्या घरांतून भुवया उंचावतात, आणि ते योग्यच आहे. तथापि उज्जैनकरांस या विषयाकडे सर्वस्वी पाठ फिरविता येत नाही. येथे काळभैरवास मद्याचाच नैवेद्य दाखविला जातो, आणि १ एप्रिल २०२५ पासून शहराच्या हद्दीतील दारूची दुकाने बंद झाली तरी ती प्रथा चालूच आहे. प्रस्तुत लेखक मद्य घेत नाही. परंतु पेयालाही इतिहास असतो, आणि तो वाचण्यास पेला हाती धरावा लागत नाही.

आपल्याच जिल्ह्यातील महिदपूर येथे, क्षिप्रेच्या काठी, २१ डिसेंबर १८१७ रोजी होळकरांच्या सैन्याचा पराभव झाला. पुढील महिन्यात मंदसोरचा तह झाला आणि त्यानंतर महूस इंग्रजांची छावणी वसली. अशा छावण्यांतून गोऱ्या अधिकाऱ्यांच्या मेजावर जी फिकट, कडवट बिअर येई, तिलाच पुढे ‘इंडिया पेल एल’ हे नाव पडले. नाव हिंदुस्थानचे, जन्म मात्र विलायतेचा. साधा शिपाई बहुधा ‘पोर्टर’ नावाची काळी बिअर पीत असे; पेल एल ही साहेबांची चैन होती.

या पेयाविषयी एक कथा वारंवार सांगितली जाते. लंडनच्या हॉजसन नामक मद्यउत्पादकाने हिंदुस्थानच्या प्रवासात टिकावी म्हणून ही बिअर मुद्दाम शोधून काढली, असे तिचे सार. कथा सुटसुटीत आहे, पण पुरावा तिच्या बाजूस नाही. हॉजसनचा कारखाना १७५२ मध्ये बो या भागात सुरू झाला. कंपनीची जहाजे जेथे लागत, ती गोदी तेथून जवळ होती आणि जहाजांच्या कप्तानांस तो दीर्घ मुदतीची उधारी देई. त्याच्या यशाचे रहस्य बव्हंशी याच व्यवहारात होते. ऑक्टोबरात गाळून दीर्घकाळ मुरविण्याची फिकट बिअर इंग्लंडात पूर्वीपासूनच होती. १८२२ च्या सुमारास बर्टन गावच्या ऑलसॉप यांनी त्याच्याशी स्पर्धा मांडली. तेथील पाण्यात जिप्समचा अंश असल्यामुळे बिअरचा कडवटपणा अधिक स्वच्छ उतरे.

कडवटपणाचे कारण म्हणजे ‘हॉप’ नामक वेलीची फुले. त्यांतील राळेसारखे द्रव्य बिअर आंबविणाऱ्या जंतूंस आवर घालते, म्हणून परदेशी पाठवावयाच्या मालात ती अधिक घालीत. जहाज आफ्रिकेला वळसा घालून येई. त्यास चार ते सहा महिने लागत. उष्ण कटिबंध दोनदा ओलांडताना पिंपे सतत हिंदकळत, आणि त्यात बिअर मुरत जाई.

पिंपे ओकच्या लाकडाची असत, हे खरे. परंतु लाकडाचा वास बिअरला लागू नये, अशीच त्या काळच्या कारागिरांची इच्छा असे. म्हणून बाल्टिक किनाऱ्याकडील, गंध कमी सोडणारा ओक ते पसंत करीत. अमेरिकन ओक त्यांस नकोसा वाटे. पिंपाच्या छिद्रांत दडून राहणारे एक यीस्ट मात्र मुरलेल्या बिअरला निराळाच स्वाद देई. डेन्मार्कमधील क्लाउसेन यांनी १९०४ मध्ये त्यास ‘ब्रेटॅनोमायसीस’, म्हणजे ‘ब्रिटिश बुरशी’, असे नाव दिले. तेव्हा आज जी ‘ओकमध्ये मुरविलेली ऐतिहासिक’ बिअर व्हॅनिलाच्या गंधासह विकली जाते, तीत इतिहास थोडा आणि आजची रुची अधिक असते.

या जुन्या चवीचा शोध घेण्याचा एक मोठा प्रयत्न २००७ मध्ये झाला. इंग्रज लेखक पीट ब्राऊन यांनी बर्टन येथे जुन्या धर्तीवर बिअर गाळून घेतली आणि ती समुद्रमार्गे हिंदुस्थानात आणली. मूळ पिंप वाटेतच फुटले. त्याऐवजी दुसरे पाठवावे लागले. अखेर कोलकात्यास पोचल्यावर त्यांनी ती चाखली आणि आपला वृत्तांत २००९ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. कृती, पाणी, सागरप्रवास, एवढे सारे जुळवूनही चाखणारी जीभ विसाव्या शतकात घडलेली होती. जुने पेय पुन्हा करता येते. जुना पिणारा मात्र पुन्हा आणता येत नाही.

येथे एक विसंगती मनास सलते. सात समुद्रांपलीकडच्या या पेयाची जपणूक विद्वान करतात. आपल्या भूमीतील मोहाच्या वाट्यास काय आले? मुंबई इलाख्यात १८९२ च्या कायद्याने मोहाच्या फुलांवरही सरकारी निर्बंध आले. ही फुले वनवासी घरांत उपासमारीच्या दिवसांत पोटाचा आधार होती, हे कायदा करणाऱ्यांनी लक्षात घेतले नाही. आता मध्य प्रदेश शासनाने मोहाच्या दारूस ‘वारसा मद्य’ म्हणून मान्यता दिली असून आलिराजपूरकडे आदिवासी बचत गट ती तयार करतात. उशिरा का होईना, त्या कौशल्याची दखल घेतली गेली.

दारूने संसार कसे उद्ध्वस्त होतात, हे शाळेत मुलांची वह्या-पुस्तके पाहतानाही कळते. तेव्हा या लेखातून पिण्याचे समर्थन कोणी काढू नये. सांगावयाचे एवढेच, की पिंपावर चिकटविलेल्या ‘ऐतिहासिक’ या शब्दावर विसंबण्यापूर्वी त्याचा पुरावा मागावा, आणि परक्यांच्या परंपरेस जो आदर आपण देतो, तोच अंगणातल्या परंपरेसही द्यावा.