सारंगखेड्यात घोड्याची चाल टिपताना

मार्गशीर्ष पौर्णिमेला, दत्तजयंतीच्या दिवशी, तापीकाठच्या सारंगखेड्यात एकमुखी दत्ताची यात्रा सुरू होते आणि तिच्यासोबत घोडेबाजार भरतो. मारवाडी, काठियावाडी, पंजाबी घोडे येतात. घेणारा दात बघतो, रंग बघतो, भोवरे मोजतो आणि शेवटी चाल बघायला मागतो. घोडा समोरून जातो आणि क्षणात पुढे निघून जातो. पाय नेमके कसे पडले, हे पाहणाऱ्याला धड सांगता येत नाही.

यात पाहणाऱ्याची चूक नाही. धावणाऱ्या घोड्याचे पाय डोळ्यांनी सुटे सुटे दिसतच नाहीत. जेरिको या मोठ्या फ्रेंच चित्रकाराने 1821 साली एप्सम इथली शर्यत रंगवली, तीत घोड्यांचे पुढचे पाय पुढे आणि मागचे मागे ताणलेले, सगळे हवेत. दिसायला झकास, पण चौखूर धावणारा घोडा त्या अवस्थेत कधी हवेत नसतो. हे पुराव्यानिशी कळलं ते जून 1878 मध्ये. कॅलिफोर्नियात पालो आल्टोच्या धावपट्टीवर छायाचित्रकार एडवर्ड मायब्रिज यांनी बारा कॅमेरे ओळीने मांडले, वाटेत दोरे ताणले आणि सॅली गार्डनर ही घोडी दौडवली. तिच्या धक्क्याने एकेक दोरा ओढला जाई आणि एकेक चित्र निघे. चारही खूर हवेत असतात हे खरं निघालं, पण ते पाय पोटाखाली गोळा झालेले असताना!

त्या बारा कॅमेऱ्यांचं काम आज आपल्या खिशातला मोबाइल करतो. फक्त काही गोष्टी आधी ठरवाव्या लागतात.

पहिली गोष्ट, दोन चित्रांमध्ये किती वेळ जाऊ द्यायचा. बहुतेकांची गडबड इथेच होते, म्हणून इथे थोडं थांबू. दादासाहेब फाळके यांनी 1912 मध्ये वाटाण्याच्या रोपाची वाढ टिपली, ती दररोज एकेक चित्र घेऊन. मायब्रिज यांच्या दोन चित्रांमध्ये सेकंदाचा सुमारे पंचविसावा भाग होता. तत्त्व एकच, फक्त वेळ विषयाच्या वेगाप्रमाणे बदलतो. चौखूर धावणाऱ्या घोड्याच्या पायांचं एक आवर्तन, म्हणजे एक खूर टेकल्यापासून तोच पुन्हा टेकेपर्यंतचा वेळ, साधारण अर्ध्या सेकंदाचं किंवा त्याहून थोडं कमी असतं. चारही पाय हवेत असण्याचा क्षण त्यातला लहानसा तुकडा. सेकंदाला पाचच चित्रं घेतली, तर तो क्षण सहज निसटतो. दहा घेतली तर सापडण्याची आशा असते, वीस घेतली तर बहुधा सापडतोच.

मोबाइलमध्ये यासाठी ‘बर्स्ट’ ही सोय असते, म्हणजे बटण दाबून धरलं की लागोपाठ चित्रं निघतात. काही फोनवर बटण दाबून बाजूला सरकवावं लागतं. ते घरीच करून पाहावं, बाजारात शोधत बसू नये. बर्स्ट मंद असेल, तर स्लो मोशनमध्ये सेकंदाला 120 किंवा 240 चित्रांचा व्हिडिओ घ्यावा आणि हवी ती चित्रं नंतर वेगळी काढावीत. त्यांचा तपशील थोडा कमी असतो, पण पायांचा क्रम पक्का कळतो.

दुसरी गोष्ट शटरची, म्हणजे एका चित्रासाठी प्रकाश किती वेळ आत घ्यायचा याची. ताशी 45 किलोमीटर धावणारा घोडा सेकंदाला साडेबारा मीटर जातो. सेकंदाच्या शंभराव्या भागात तो साडेबारा सेंटिमीटर सरकतो, म्हणजे चित्र फरपटलेलं येणार. हजाराव्या भागात सव्वा सेंटिमीटर, ते चालतं. मात्र पुढे येणारा खूर अंगापेक्षाही जास्त वेगात असतो, म्हणून दोनहजारावा भाग मिळाला तर उत्तम. ‘प्रो’ किंवा ‘मॅन्युअल’ पर्यायात हा आकडा आपल्याला ठरवता येतो.

एवढ्या कमी वेळात पुरेसा प्रकाश यायचा, तर ऊन हवंच. डिसेंबरात सूर्य दिवसभर दक्षिणेकडे कललेला असतो. शक्यतो आपली पाठ दक्षिणेला ठेवावी, म्हणजे घोड्याच्या आपल्याकडच्या अंगावर ऊन पडतं. संध्याकाळचा सोनेरी उजेड मोहात पाडतो, पण तेव्हा धूळही असते आणि शटर मंदावतं. पायांचा अभ्यास करायचा असेल, तर सकाळचं स्वच्छ ऊनच बरं.

मग जागा. घोडा आपल्यासमोरून आडवा गेला पाहिजे, अंगावर येणारा नको. समोरून येणाऱ्या घोड्याचे पाय एकमेकांआड लपतात, शिवाय ते धोक्याचंही आहे. मोबाइलच्या नेहमीच्या लेन्सने साधारण पंधरा मीटरची पट्टी चौकटीत बसवायला अकरा-बारा मीटर दूर उभं राहावं लागतं. दोराच्या किंवा कठड्याच्या बाहेरच थांबावं, फ्लॅश बंद ठेवावा आणि घोडेमालकाला आधी विचारावं. घोडा बुजला, तर त्रास त्याला आणि स्वाराला होतो.

पार्श्वभूमीकडे नवखे लोक लक्ष देत नाहीत. मागे गर्दी, तंबू, दुसरे घोडे असले की पाय त्यात हरवतात. मायब्रिज यांनी मागे पांढरा पडदा उभारला होता तो यासाठीच. आपल्याला पडदा मिळणार नाही, पण जरा खाली बसलं तर मागे मोकळं आकाश येतं आणि खूर उठून दिसतात.

आता मोबाइल तिकाटण्यावर, म्हणजे ट्रायपॉडवर, घट्ट बसवावा. घोडा जिथून जाणार तिथल्या जमिनीवर बोट दाबून धरलं, की फोकस आणि उजेड दोन्ही कुलूपबंद होतात. हे विसरलं, तर फोन दर चित्राला उजेड नव्याने मोजतो आणि एक चित्र फिकट, दुसरं काळसर निघतं. घोडा चौकटीत शिरण्याआधीच बटण दाबावं. दिसल्यावर दाबू म्हटलं, तर पहिला अर्धा सेकंद गेलाच.

सगळी चित्रं एकाच चौकटीत जोडायची असतील, तर आणखी एक हिशेब करावा. घोडा सुमारे अडीच मीटर लांब धरा. सेकंदाला दहा चित्रांमध्ये दौडणारा घोडा दर चित्राला सव्वा मीटरच सरकतो, म्हणून शेजारच्या आकृती एकमेकींवर चढतात. जोडण्यासाठी दर तिसरं चित्र घ्यावं. संथ चालणारा घोडा तर सेकंदाला दीडएक मीटरच जातो, तिथे दोन सेकंदांनी एक चित्र पुरतं. नंतर चित्रसंपादनाच्या ॲपमध्ये ती लेअर म्हणून, म्हणजे एकावर एक थर करून ठेवावीत आणि वरच्या थरातला घोड्याव्यतिरिक्तचा भाग पुसून टाकावा. कॅमेरा हलला नसेल, तर जमीन बरोबर जुळते. पायांचा अभ्यास करताना मात्र जोडकाम नको. सगळी चित्रं क्रमाने शेजारी शेजारी मांडावीत.

अशी मांडली की चाली ओळखू येतात. दुडक्या चालीत तिरप्या जोडीचे पाय, म्हणजे पुढचा उजवा आणि मागचा डावा, एकत्र पडतात आणि मध्ये एक क्षण चारही हवेत असतात. पाय दुखत असेल, तर तो याच चालीत लवकर कळतो. पुढचा दुखरा पाय टेकताना घोडा मान वर उचलतो. सारंगखेड्यात जिची तारीफ होते ती रेवाल चाल वेगळी. तिच्यात एका बाजूचे पाय लागोपाठ पडतात आणि एखादा तरी खूर कायम जमिनीवर असतो, म्हणून स्वार फारसा वर-खाली हलत नाही. चाल अशी आहे का, हे तपासायला सोपा उपाय आहे. ओळीने मांडलेल्या चित्रांवर स्वाराच्या फेट्याच्या टोकाशी पट्टी धरावी. दुडक्या चालीत टोक पट्टीच्या वर-खाली होत राहील. रेवाल चांगली असेल, तर ते जवळजवळ पट्टीलाच चिकटून पुढे जाईल.