मासा मिळाला नाही म्हणून गिऱ्हाईक नाराज नव्हतं

या आठवड्याच्या व्हिडिओत ‘सर्व्हिस विकताना आपण नेमकं काय विकतो’ यावर बोललो. त्यात एक किस्सा अर्धवट राहिला, तो इथे पूर्ण सांगतो. टूर, कॅटरिंग, इव्हेंट, क्लासेस, काहीही चालवत असाल तरी तुमच्या कामाचा आहे.

दोन वर्षांपूर्वी मी न्यूझीलंडच्या साउथ आयलंडवर फ्लाय फिशिंगच्या ग्रुप ट्रिपला गेलो होतो. आम्ही आठ जण. पाच पुणे-नाशिकचे, तीन ऑकलंडला स्थायिक झालेले मराठीच. नदीवर सहा दिवस. आठ जणांत मिळून ट्राउट किती? तीन! त्यातले दोन एकालाच. आमच्यातले एक काका नुकतेच रिटायर झालेले, ग्रॅच्युइटीतले पैसे घालून आलेले. शेवटच्या संध्याकाळी म्हणाले, "मासा नाही मिळाला, त्याचं काही नाही रे. पण असं होऊ शकतं हे आधी कुणी सांगितलं का नाही?"

आता हे वाक्य धंद्याच्या चष्म्यातून बघू.

आधी हा खेळ समजून घ्या

आपल्याकडे गळ टाकून बसतात, तसं हे नाही. पिसं आणि दोरा गुंडाळून केलेली खोटी माशी गळाला असते. तिला वजन जवळजवळ नसतंच, वजन असतं दोरीत. ती दोरी हवेत मागे-पुढे खेळवून माशी नेमक्या जागी अलगद उतरवायची. हात बसायला सराव लागतो, आणि वारा असेल तर मुरलेल्यांचीही परीक्षा.

त्यात तिथल्या डोंगरातल्या नद्यांत ट्राउट मोठे, पण विरळ. काचेसारख्या पाण्यात काठाने वर चालत जायचं, मासा आधी डोळ्यांनी शोधायचा, मग माशी टाकायची. एकदा बिचकला की संपलं. म्हणजे एका वेळी एकच जण टाकणार, बाकीचे बघणार. आणि हो, नदीत नाही तर बाजारातून आणू म्हणाल, तर तिथे ट्राउट विकायला कायद्याने बंदी आहे!

गडबड कुठे झाली?

१. जाहिरातीत मासा विकला. प्रत्येक फोटोत कुणाच्या तरी हातात भला मोठा ट्राउट. आयोजकाच्या हातात काय होतं? गाईड, गाडी, मुक्काम, जेवण, चांगली नदी. मासा त्याच्या हातात नव्हताच. जे आपल्या ताब्यात नाही, त्याचं वचन फोटोतूनही देऊ नका. फोटो हेही वचनच असतं.

२. माणशी हिशेब केला नाही. अशा नदीवर साधारण दोघांमागे एक गाईड असतो. आम्हाला चौघांमागे एक दिला. दिवस आठ तासांचा धरा. दोघांत वाटला तर चार तास, चौघांत वाटला तर दोनच. त्यातून चालायचा वेळ वजा करा, उरलं काय? वर दोन्ही टोळ्या एकाच नदीवर. पुढच्यांनी बिचकवलेले मासे मागच्यांच्या वाट्याला. खर्च वाचला, पण जो माल विकला होता तोच निम्मा झाला.

३. नवशिके आणि मुरलेले एकत्र घेतले. तिघांनी रॉड पहिल्यांदाच हातात धरलेला. ते संकोचले, बाकीचे वैतागले. बुकिंगच्या वेळी चार प्रश्न विचारले असते तर दोन गट करता आले असते.

४. प्लॅन बी नव्हता. सदर्न आल्प्सच्या पश्चिमेला प्रचंड पाऊस पडतो, पूर्वेकडे बराच कमी. आमची नदी दुसऱ्याच दिवशी गढूळ झाली. गढूळ पाण्यात मासा दिसणार कसा? अशा वेळी डोंगराच्या पलीकडे जायचं, नाहीतर झऱ्यावर वाहणारा ओढा गाठायचा, तो पावसात तेवढा बिघडत नाही. पण मुक्काम आधीच बांधलेला. तीन दिवस आम्ही पत्ते खेळलो.

५. बारीक यादी दिली नाही. २००४ मध्ये तिथल्या नद्यांत डिडिमो नावाचं शेवाळ सापडलं. ते पसरू नये म्हणून मासेमारीला फेल्टच्या तळव्याचे बूट चालत नाहीत. आमच्या दोघांनी नेमके तेच विकत घेतले होते. एका मेसेजने पैसे वाचले असते.

सगळ्यात मोठी चूक मात्र सहावी

पाऊस सुरू झाल्यावर आयोजक गप्प बसले. ‘बघू, उद्या उघडेल.’ गिऱ्हाईक नुकसान सोसतं, पण अंधारात ठेवलेलं सोसत नाही. दुसऱ्या रात्री सगळ्यांना बसवून "परिस्थिती अशी आहे, आपल्यापुढे हे दोन पर्याय आहेत" एवढं म्हटलं असतं, तरी निम्मा राग तिथेच निवला असता.

तुम्ही काय करायचं?

एक कागद घ्या, तीन रकाने पाडा. पहिल्यात ‘हे मी नक्की देणार’. दुसऱ्यात ‘हे माझ्या हातात नाही’. तिसऱ्यात ‘ते बिघडलं तर मी हे करणार’. हा कागद ॲडव्हान्स घेण्याआधी गिऱ्हाइकाला वाचायला द्या. काही जण बुकिंग करणार नाहीत, हे खरं. पण जे करतील ते पुन्हा येतील.

खरं सांगू? परत येताना विमानात मला माझंच जुनं पोस्टर आठवत होतं: ‘३० दिवसांत विक्री दुप्पट’. विक्री माझ्या हातात होती का? नव्हती. शिकवणं होतं. घरी आल्यावर पहिलं काम केलं, ते पोस्टर काढलं. त्यानंतरच्या बॅचला गर्दी थोडी कमी झाली, पण फी परत मागायला कुणी आलं नाही.

तुमच्या धंद्यातला ‘मासा’ कोणता? तो आधी दुसऱ्या रकान्यात लिहा. भेटूया पुढच्या व्हिडिओत!