मुक्या प्राण्यांवर सुयांचा उपचार : कितपत उपयुक्त?

नांदेड/लातूर : बैल लंगडू लागला की तापल्या लोखंडाचा डाग देण्याची प्रथा देवणी आणि लाल कंधारी गोवंशाच्या या प्रदेशाला नवी नाही. घरातील वृद्ध श्वानासाठी अॅक्युपंक्चरचे नाव निघाले, की अनेकांना हाही तसाच प्रकार वाटतो. प्रत्यक्षात दोहोंत मोठा फरक आहे. डागाने कातडी जळून जखम होते. अॅक्युपंक्चरमध्ये मात्र बारीक, निर्जंतुक सुया ठरावीक बिंदूंवर साधारणतः दहा ते तीस मिनिटे ठेवतात. त्यामुळे मज्जातंतू उद्दीपित होऊन शरीरातील नैसर्गिक वेदनाशामक द्रव्ये स्रवतात, असे मानले जाते.

ही विद्या मूळची चीनची. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये ज्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले, त्याच पथकातील डॉ. बिजॉय कुमार बसू यांनी १९५९ मध्ये ती भारतात आणली. प्राण्यांसाठी या उपचाराचा प्रसार करणारी आंतरराष्ट्रीय संस्था १९७४ मध्ये अमेरिकेत स्थापन झाली.

पुरावा काय सांगतो?

उपलब्ध संशोधनाचा २००६ मध्ये आढावा घेण्यात आला. हा उपचार सुचवावा वा नाकारावा, यापैकी कशासाठीही ठोस आधार त्यात मिळाला नाही. मणक्याच्या चकतीच्या विकाराने ग्रस्त ४० श्वानांच्या २०१० मधील अभ्यासात, सौम्य विद्युतप्रवाहासह सुया टोचलेल्या १९ पैकी १५ श्वानांना गुण आला. मात्र त्यांची विभागणी सोडतीने झालेली नव्हती. सांधेदुखीत पूरक उपचार, एवढेच त्याचे स्थान मानणे योग्य.

विलंब घातक

खरा धोका सुईचा नसून विलंबाचा आहे. श्वानाचे मागील पाय अचानक लुळे पडल्यास मणक्याची तातडीची शस्त्रक्रिया लागू शकते. लस न दिलेल्या श्वानात हेच रेबीजचे लक्षण असू शकते. अशा वेळी त्याच्या लाळेपासून दूर राहून पशुवैद्यकास कळवावे. माणसांच्या वेदनाशामक गोळ्याही देऊ नयेत. पॅरासिटामॉल मांजरासाठी प्राणघातक ठरते.

महाराष्ट्राचा २०१५ चा अॅक्युपंक्चर कायदा माणसांवरील उपचारांसाठी आहे. प्राण्यांच्या बाबतीत भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ नुसार नोंदणी झालेल्या पशुवैद्यकाकडेच जावे. लातूर जिल्ह्यात उदगीर येथे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. आधी रोगनिदान, मग सुई, हा क्रम पाळल्यास मुक्या जीवाची फरफट टळेल.