तेरचा शोध आणि संगणकांचें जाळें

धाराशिव जिल्ह्यांत तेरणा नदीच्या कांठीं वसलेलें तेर हें वारकऱ्यांना गोरोबाकाकांचें गांव म्हणून परिचित आहे. इतिहासाच्या अभ्यासकांना तें दुसऱ्याच एका नांवानें ठाऊक आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत ग्रीक भाषेंत लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या व्यापारी मार्गदर्शिकेंत पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर ‘तगर’ नांवाचें फार मोठें नगर असून तेथील कापड गाड्यांतून भडोचच्या बंदराकडे जातें, असा उल्लेख आहे. हें तगर कोणतें, यावर पंडितांचा वाद बराच काळ चालला. कोणी देवगिरीकडे बोट दाखविलें, कोणी जुन्नरकडे, तर रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनीं धारूरचें नांव सुचविलें. अखेर १९०१ सालीं जॉन फ्लीट यांनीं लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकांत लेख लिहून तगर म्हणजे तेरच, असें प्रतिपादन केलें, आणि तें मान्य झालें.

आतां हा लेख धाराशिवच्या एखाद्या प्राध्यापकास पाहावयाचा असला तर? एका पिढीपूर्वीं त्यास रजा काढून पुण्यास डेक्कन कॉलेजच्या अथवा मुंबईस एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयांत जावें लागे. एक संदर्भ दुसऱ्या ग्रंथाकडे नेई, आणि तो ग्रंथ नेमका तिसऱ्याच ठिकाणीं असे. आज तीं पानें त्याच्या मेजावरील पडद्यावर कांहीं क्षणांत उमटतात.

हें घडतें कसें? पानाच्या चित्राचें प्रथम आंकड्यांत रूपांतर झालेलें असतें. आंकड्यांच्या या लांबलचक माळेचे लहान लहान तुकडे पाडले जातात, आणि तो कोठून निघाला, कोठें जावयाचा व त्याचा अनुक्रम कितवा, हें प्रत्येक तुकड्यावर नोंदलेलें असतें. सारे तुकडे एकाच वाटेनें येतात असें नाहीं. वाटेंतील प्रत्येक नाक्यावरचा संगणक पत्ता वाचून तुकडा पुढच्या नाक्याकडे धाडतो. एखादा गहाळ झाला तर तेवढाच पुन्हां मागविला जातो. मुक्कामीं पोहोंचल्यावर अनुक्रमानें ते जोडले जातात.

भारतांत हें जाळें प्रथम संशोधकांसाठींच विणलें गेलें. १९८६ सालीं केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स खात्यानें संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्यानें ‘अर्नेट’ सुरू केलें. मुंबईची राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान संस्था व पवईची आय्. आय्. टी. यांचा त्यांत आरंभापासून भाग होता. सर्वसामान्य जनतेस इंटरनेट मिळालें तें १५ ऑगस्ट १९९५ रोजीं. विद्यापीठांचीं ग्रंथालयें जोडण्यासाठीं १९९१ सालीं पुण्याच्या ‘आयुका’ संस्थेंत ‘इन्फ्लिबनेट’चा प्रकल्प निघाला. १९९६ सालीं तो स्वतंत्र केंद्र झाला आणि आज त्याचें ठाणें गांधीनगरला आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांनंतर पीएच्. डी. चे प्रबंध ज्या ‘शोधगंगे’त ठेवले जाऊं लागले, तीही या केंद्राचीच. पूर्वीं कपाटांत धूळ खात पडणारे प्रबंध त्यामुळें कोणासही वाचतां येतात.

नियतकालिकांची गोष्ट निराळी. त्यांच्या दारावर पहारा असतो. मागणी कोणत्या संस्थेच्या जाळ्यावरून आली, हें प्रकाशकाचा संगणक प्रथम पाहतो. संस्था वर्गणीदारांच्या यादींत असली तर लेख उघडतो. नसली तर गोषवारा व त्याखालीं किंमत दिसते. ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ या योजनेस २५ नोव्हेंबर २०२४ रोजीं केंद्रीय मंत्रिमंडळानें मंजुरी दिली. तीन वर्षांसाठीं ६,००० कोटी रुपये तीस ठरविण्यांत आले, आणि ३० प्रकाशकांचीं सुमारें १३,००० नियतकालिकें तींत घेण्यांत आलीं. परंतु ही सोय आरंभीं केंद्र व राज्य शासनांच्या व्यवस्थापनाखालील संस्थांनाच देण्यांत आली. तालुक्याच्या गांवीं खासगी संस्थेच्या महाविद्यालयांत शिकविणारा अभ्यासक त्या यादीबाहेर राहिला. १९०१ चा लेख त्यास मोकळा आणि गतवर्षींचा कुलुपांत, असा हा विचित्र बाजार आहे.

दार उघडें असलें तरी काय मागावें हें ठाऊक असावें लागतें. संगणक अक्षरें जुळवितो. गांव ओळखीत नाहीं. धाराशिवच्या लेण्यांचें वर्णन जेम्स बर्जेस यांच्या १८७८ च्या ग्रंथांत आहे, पण तेथें नांव ‘धारासिंव’ असें आहे. तेर जुन्या नकाशांत ‘थैर’ झालें आहे. निजामाच्या अमदानींत जिल्हा उस्मानाबाद झाला, तो २०२३ मध्यें पुन्हां धाराशिव झाला. त्यामुळें नुसतें ‘धाराशिव’ असें टंकलिखित करणाऱ्यास विसाव्या शतकांतील बहुतेक साहित्य दिसणारच नाहीं, आणि याविषयीं कोणी कांहीं लिहिलेलेंच नाहीं, असा त्याचा समज होण्याचा संभव आहे. जाणता संशोधक म्हणून कामास बसण्यापूर्वीं गांवाच्या साऱ्या नांवांची, रोमी लिपींतल्या वेड्यावांकड्या रूपांसह, यादी करतो. निजामशाहीचे उर्दू कागद पाहावयाचे असतील तर ती यादी आणखी लांबते.

कांहीं प्रश्नांचें उत्तर मात्र कोणत्याच यादीनें मिळत नाहीं. तेरला एक हस्तिदंती स्त्रीमूर्ति सांपडली आहे. इ. स. ७९ सालीं ज्वालामुखीच्या राखेखालीं गाडल्या गेलेल्या पाँपेई नगरांत १९३८ सालीं तिच्याशीं नातें सांगणारी भारतीय मूर्ति निघाली. ती नेपल्सच्या संग्रहालयांत आहे. दोहोंचीं छायाचित्रें आज पडद्यावर शेजारीं शेजारीं ठेवतां येतात, आणि साम्य पाहून मन थक्क होतें. पण साम्य म्हणजे काळाचा पुरावा नव्हे. १९५८ सालीं चापेकरांनीं तेरला पद्धतशीर उत्खनन केलें, तेव्हां निघालेल्या वस्तूंचा थर नोंदला गेला. नांगराला लागून किंवा पावसानें उघड्या पडून हातीं आलेल्या वस्तूंचा तो नोंदलेला नसतो, आणि जें कोणी टिपलेंच नाहीं तें जाळें कोठून आणणार? अशा वस्तूंबाबत कोरीव कामाची ढब, हत्याराची खूण, दांताची झीज यांवरूनच अनुमान बांधावें लागतें. तें करावयाचें तर धाराशिवच्या अभ्यासकास संगणक बंद करून तेरची एस्. टी. धरावी लागते, आणि रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नांवें तेथें असलेल्या वस्तुसंग्रहालयांत त्या वस्तूंसमोर उभें राहावें लागतें.