कॅल्क्युलेटर एकच, उत्तरं दोन

विंडोजच्या कॅल्क्युलेटरवर १ + २ × ३ असं दाबून बरोबरचं बटण दाबा. उत्तर येतं ९. आता ऑल्ट आणि २ ही बटणं एकत्र दाबून त्याच कॅल्क्युलेटरचा सायंटिफिक मोड उघडा आणि तीच गणिती बटणं त्याच क्रमाने दाबा. या वेळी उत्तर ७.

हे पाहिलं की बहुतेकांना वाटतं, प्रोग्रॅम बिघडला, व्हायरस शिरला, काढून पुन्हा टाकायला हवा. पुन्हा टाकूनही हेच होणार, कारण बिघाड कुठेच नाही. स्टँडर्ड मोड टेबलावरच्या साध्या कॅल्क्युलेटरसारखा चालतो. पुढचं चिन्ह दाबलं की तो मागचा हिशेब उरकून टाकतो. १ आणि २ चे ३ झाले, त्यांना ३ ने गुणलं, ९ झाले. सायंटिफिक मोड पूर्ण ओळ बघतो आणि शाळेतलं ‘कंचेभागुबेव’ पाळतो, म्हणून आधी गुणाकार. दुकानात एकामागून एक आकडे मिळवत जायचे असतील तर पहिला मोड सोयीचा. सूत्रात किमती घालायच्या असतील तर दुसराच हवा. मोडचं नाव खिडकीत वरच लिहिलेलं असतं, पण आपली नजर सरळ आकड्यांवर जाते.

‘कंचेभागुबेव’बद्दलही एक गैरसमज पक्का रुजलेला आहे. बेरीज वजाबाकीच्या आधी येते, म्हणून १० − ४ + ३ मध्ये आधी ४ आणि ३ मिळवायचे आणि उत्तर ३ काढायचं, असं अनेक जण मानतात. बेरीज आणि वजाबाकीचा मान सारखाच आहे. डावीकडून उजवीकडे जायचं, उत्तर ९. कोणताही नीट लिहिलेला प्रोग्रॅम ९च देतो, आणि इथे त्याचंच ऐकावं.

टक्क्याचं बटण

‘टक्क्याचं बटण सगळीकडे सारखंच चालतं’ हा समज थेट पैशाला हात घालतो. विंडोजच्या स्टँडर्ड मोडमध्ये ५०० + १० % केलं की ५५० येतात. तो १० टक्के म्हणजे ‘५०० चे १० टक्के’ असं धरतो. काही प्रोग्रॅम मात्र १० % म्हणजे निव्वळ ०.१ मानतात आणि ५००.१ दाखवतात. प्रोग्रॅमिंगच्या बऱ्याच भाषांत तर हे चिन्ह भागाकारातली बाकी काढण्यासाठी वापरतात.

बटण अपेक्षेप्रमाणे चाललं तरी चूक होते ती वेगळ्याच जागी. बिल ११८० रुपयांचं आहे, त्यात १८ टक्के जीएसटी धरलेला आहे, मूळ किंमत किती? हात आपसूक ११८० − १८ % कडे जातो आणि ९६७.६० येतात. बरोबर उत्तर १००० रुपये. कर १००० वर लागला होता, ११८० वर नव्हे. म्हणून ११८० ला १.१८ ने भागायचं. दोष कॅल्क्युलेटरचा नाही. त्याला विचारलेला प्रश्नच वेगळा होता.

साइन ३०

दहावीतल्या मुलाला साइन ३० म्हणजे ०.५ हे पाठ असतं. संगणकावर तो साइन ३० टाकतो आणि उणे ०.९८८ उत्तर येतं. इथेही प्रोग्रॅम खराब नाही. त्याने ३० हे अंश न धरता रेडियन धरले. तिसरं एकक ग्रेड. त्यात काटकोनाचे १०० भाग असतात आणि साइन ३० येतं ०.४५४. विंडोजच्या सायंटिफिक मोडमध्ये एक छोटं बटण अंश, रेडियन आणि ग्रेड यांमध्ये फिरत राहतं, चुकून दाबलं गेलं तर पत्ताही लागत नाही. त्रिकोणमितीचं काहीही करण्याआधी साइन ३० टाकून ०.५ येतंय ना, एवढं बघून घ्यावं.

लॉगचंही तसंच. कॅल्क्युलेटरवर १०० चा लॉग बहुधा २ येतो, कारण पाया १० असतो. पायथॉनसारख्या भाषेत नुसतं लॉग म्हटलं की नैसर्गिक लॉग घेतला जातो, आणि उत्तर ४.६०५ येतं.

‘संगणक आकडेमोडीत चुकत नाही’

हे पूर्ण खरं नाही. १९९४ मध्ये इंटेलच्या पेंटियम चिपमधला भागाकाराचा दोष उघड झाला. ४१९५८३५ ला ३१४५७२७ ने भागलं की १.३३३८२०… यायला हवं, ती चिप १.३३३७३९… देत होती. असे दोष विरळाच. रोजच्या कामात भेटते ती मर्यादा वेगळी. संगणक आकडे ० आणि १ यांच्या रूपात साठवतो. आपल्या दशमान पद्धतीत १/३ लिहायला गेलं की ०.३३३३… संपतच नाही, तसंच द्विमान पद्धतीत १/१० संपत नाही. कुठेतरी तोडावं लागतं. म्हणून पायथॉनमध्ये ०.१ + ०.२ केलं की ०.३०००००००००००००००४ दिसतं. विंडोजच्या जुन्या कॅल्क्युलेटरमध्ये ४ च्या वर्गमुळातून २ वजा केले की शून्याऐवजी अतिसूक्ष्म संख्या येत असे. हे नंतर दुरुस्त झालं.

एक्सेल वापरणाऱ्यांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. एक्सेल संख्येचे १५च अंक राखतो. १६ अंकी कार्ड क्रमांक संख्या म्हणून टाकलात तर शेवटचा अंक शून्य होतो, तोही काहीही न सांगता. असा क्रमांक मजकूर म्हणूनच साठवायचा. शिवाय एक्सेलमध्ये −२ चा वर्ग कंस न घालता लिहिला तर ४ येतो, पायथॉनमध्ये −४. कंस घातला की वाद मिटतो.

इन्स्टॉल करताना

संगणकावर कॅल्क्युलेटर आधीपासून असताना दुसरा कशाला? हा प्रश्न रास्त आहे, आणि बहुतेकांना खरंच गरज नसते. मात्र लांब सूत्रं पुन्हापुन्हा वापरणाऱ्यांना स्पीडक्रंचसारखा प्रोग्रॅम फार उपयोगी पडतो. त्यात बटणं दाबायची नसतात, पूर्ण ओळ लिहायची असते. चुकलं तर ती ओळ परत आणून दुरुस्त करता येते. एककांची अदलाबदल वारंवार लागत असेल तर क्वॅलक्युलेट पाहावा. आलेख आणि भूमितीसाठी जिओजेब्रा आहे. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात त्याचे पाठ मराठीतूनही ऐकता येतात.

‘फुकट आहे म्हणजे काहीतरी काळंबेरं असणार’ असंही ऐकू येतं. स्पीडक्रंच आणि क्वॅलक्युलेट हे मुक्त स्रोत आहेत, त्यांचा कोड कुणीही तपासू शकतो. विंडोजच्या कॅल्क्युलेटरचा कोडही मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये खुला केला. धोका असतो तो प्रोग्रॅम कुठून उतरवला त्यात. डाउनलोडचं मोठं हिरवं बटण पुष्कळदा जाहिरात असते, आणि त्यातून भलतंच काहीतरी संगणकात शिरतं. प्रोग्रॅमच्या मूळ संकेतस्थळावरून किंवा लिनक्सवर सॉफ्टवेअर सेंटरमधूनच घ्या. इन्स्टॉल करताना प्रत्येक पडदा वाचा. सोबत आणखी काही टाकू का, असं विचारलं तर नको म्हणा. स्पीडक्रंचची पोर्टेबल आवृत्तीही मिळते, ती पेन ड्राइव्हवरून थेट चालते. आकडेमोडीला इंटरनेट लागत नाही. चलनांचे ताजे दर हवे असतील तेव्हाच ते लागतं.

‘प्रोग्रॅम चांगला की हिशेब बिनचूक’

गृहकर्जाचा हप्ता काढून बघू. मुद्दल १० लाख, व्याज वर्षाला ९ टक्के, मुदत २० वर्षं. महिन्याचा दर ०.०९ ÷ १२ म्हणजे ०.००७५, हप्ते २४०. स्पीडक्रंचमध्ये पी = १०००००० अशी ओळ लिहायची, लाख-हजाराचे स्वल्पविराम न घालता. मग आर = ०.०९/१२ आणि एन = २४०. त्यानंतर सूत्र:

पी × आर × (१ + आर)^एन ÷ ((१ + आर)^एन − १)

ही अक्षरं प्रत्यक्षात इंग्रजी लिपीत टाकायची, गुणाकाराला तारा आणि भागाकाराला तिरकी रेघ वापरायची. उत्तर ८,९९७.२६ रुपये. आता भागाकारानंतरचा बाहेरचा कंस विसरून बघा. प्रोग्रॅम कुरकुर करत नाही, शांतपणे ७,४९९ देतो. हा आकडाही हप्त्यासारखाच वाटतो, आणि हीच खरी भीती आहे. कंस नसल्यामुळे वरचा आणि खालचा घात एकमेकांत उडाले, उरलं फक्त पहिल्या महिन्याचं व्याज ७,५००, वजा १. ही चूक पकडायला गणिताची जाण लागते. पहिल्या महिन्याचं व्याजच ७,५०० असेल आणि हप्ता त्याहून कमी, तर कर्ज फिटणार कधी?

म्हणूनच ‘कॅल्क्युलेटर दिला की मुलांचं गणित बुडतं’ हे मला सरसकट पटत नाही. पाढे पाठ हवेत, तोंडी अंदाज यायला हवा, यात तडजोड नको. पण देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांनी १९४९ मध्ये शोधलेला ६१७४ चा खेळ मुलांना संगणकावर खेळू द्या. सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यायची, तिचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करायची, आणि आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच. ३५२४ घेतली तर ५४३२ − २३४५ = ३०८७, मग ८७३० − ०३७८ = ८३५२, मग ८५३२ − २३५८ = ६१७४. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येतेच. वजाबाक्या यंत्राने केल्या की मुलाचं लक्ष मोकळं होतं आणि तो विचारू लागतो: तीन अंकी संख्येत काय होईल? पाच अंकी?